लिस्बनला सोबत

४ जुलै १९९९, रविवार. नाशिक

सकाळी निफाडहून मेहुणीचा फोन. भाग्यश्री ऑक्टोबरमध्ये लिस्बनला चालली. लिस्बन म्हणजे पोर्तुगालची राजधानी. तिथे द्राक्षांवरच्या रोगांची आंतरराष्ट्रीय परिषद आहे आणि आमची भाग्यश्री भुरीवर निबंध वाचणार आहे. भुरी म्हणजे वेलीच्या पानावर पीठ सांडल्यासारखं पांढरं पडतं ते. माझ्या सासुरवाडीच्या बागेत दर वर्षी पडतं. त्यावर विमानाने जाऊन बोलण्यासारखं काय आहे, देव जाणे.

अभिनंदन केलं. अगदी मनापासून. फोन ठेवल्यावर साधना म्हणाली, अहो, तुम्ही मघापासून नुसतं 'बरंच झालं, बरंच झालं' का म्हणताय? म्हणत असेन. बरंच झालंय.

मी जावई झालो तेव्हा भाग्यश्री सहावीत होती. युरोपचा नकाशा तिला मी शिकवला. मे महिन्यात, त्यांच्या ओट्यावर, कोळशाने. टेगस नदीच्या मुखाशी लिस्बन, हे माझं वाक्य. आता ती टेगस बघणार, आणि मी नववी ब च्या वह्या.

संकल्प: हेवा करायचा नाही. रोजनिशी लिहायची, म्हणजे मन साफ राहतं.

५ जुलै, सोमवार

स्टाफरूममध्ये सहज विषय काढला. इतिहासाचे ढोमसे सर १९९४ साली काठमांडूला जाऊन आले, ते अजून उतरलेले नाहीत. म्हणाले, मेहुणी चाललीय ना? मग तुम्ही का एवढे खुललाय? म्हटलं, घरातलं माणूस जातंय. तर म्हणाले, काठमांडूला थंडी फार, कानाला बांधायला सांगा.

काठमांडू म्हणजे फॉरेन नव्हे. तिथे रुपये चालतात. हे मी त्यांना अनेकदा सांगितलंय.

११ जुलै, रविवार. निफाड

अभिनंदनाला सगळे सासुरवाडीला. साडू नवी झेन घेऊन दारात उभा. ललित. बी.कॉम. थर्डक्लास. ठिबकच्या नळ्या विकतो, सात एकर बाग आहे. गाडीला हात लावू दिला नाही, म्हणे पॉलिश ओलं आहे.

परिषदवाल्यांनी इंग्रजी पुस्तिका पाठवली आहे. व्हिसा कसा काढावा, पैसे कुठे बदलावेत, टॅक्सी, हवामान, सगळं. सहाव्या पानावर पाहुण्यांच्या सोबत येणाऱ्या व्यक्तींसाठी वेगळा कार्यक्रम: शहरदर्शन, किल्ला, नदीतून बोट, रात्री गाणं ऐकत जेवण. म्हणजे भाग्यश्री बिचारी हॉलमध्ये बुरशीबद्दल ऐकणार आणि तिची 'सोबत' बोटीत बसणार. आणि सोबत म्हणजे अर्थात नवरा. ललित! ज्याला लिस्बन कुठल्या खंडात आहे हे सांगता येणार नाही. तो बोटीत. मला मटणाचा रस्सा गोड लागेना.

पण देव आहे. ललितच म्हणाला, मला नाही जमायचं. ऑक्टोबरात बागेची छाटणी, छाटणी टाकून बायकोमागं परदेशात हिंडलो तर गाव तोंडात शेण घालील. ललित तसा गुणी मुलगा आहे. आजवर मी त्याला नीट ओळखलं नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, पोरगी एकली नाय जायची. सोबतीला घरचं मानूस पाहिजे. आणि त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. साधना माझ्या मागेच भाकरी घेऊन उभी होती, तिनेही ती नजर पाहिली असणार. कारण ती एकदम लाजल्यासारखी आत गेली.

१२ जुलै, सोमवार

झोप नाही. विचार केला. भूगोलाचा अनुभव, इंग्रजी, वय, घरातला थोरला जावई. दुसरा आहेच कोण? तरी आपण होऊन बोलायचं नाही. विचारतील.

१८ जुलै, रविवार

पुस्तिकेची झेरॉक्स आणली. वाचली. मांडणी ठीक, पण लिहिणाऱ्याला आपली माणसं माहीत नाहीत. म्हणून स्वतंत्र मराठी पुस्तिका लिहायला घेतली: 'लिस्बन: प्रवाशांसाठी व्यावहारिक माहिती. संकलक: दिगंबर पगार, बी.ए., बी.एड.' पहिल्या दिवसाचं काम:

नळाचं पाणी पिण्यास योग्य. (तरी उकळून घ्यावं.) चलन एस्कुडो. वीज आपल्यासारखीच, दोन पिनांची. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. फरसबंदी गुळगुळीत, सपाट चपला घालाव्यात. ट्राममध्ये खिसा सांभाळावा. टॅक्सीच्या डिकीत सामान ठेवल्यास जादा आकार. आणि सगळ्यात महत्त्वाचं: हॉटेलात बसल्याबरोबर न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह आणून ठेवतात. आग्रह समजू नये. खाल्लं की बिलात लागतं.

हे शेवटचं साधनाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरं झालं सांगितलंत, मी खाल्लं असतं. म्हटलं, तू कशाला खातेस? हसली.

२१ जुलै, बुधवार

शोध! पोर्तुगीज मला निम्मी येते. पाव, साबण, चावी, बटाटा, मेज, बालदी, घमेलं, अननस. सगळे शब्द त्यांचे, आपण चारशे वर्षं वापरतोय. आणि कळस म्हणजे पगार. खुद्द आमचं आडनाव पोर्तुगीज शब्द निघालं. शाळेच्या लायब्ररीतल्या कोशात बघून आलो. तिकडे पगार म्हणजे पैसे देणे. किती भारदस्त. काउंटरवर जाऊन नुसतं पगार म्हटलं तरी माणसं उठून उभी राहतील.

ललितचं आडनाव मोगल. त्याला तिकडे कोण विचारतो?

१ ऑगस्ट, रविवार

पासपोर्टचे फॉर्म भरले. साधना म्हणाली, माझाही भरा ना, एकदमच. भरला. बायकोला तेवढाच आनंद. कपाटात राहील, लग्नाच्या शालूसारखा.

माझी जन्मतारीख १ जून. शाळेत मास्तरांनी ज्याची तारीख माहीत नाही त्याची १ जून टाकली, आमच्या वर्गात अर्धी मुलं त्या दिवशी जन्मली आहेत. एजंट म्हणाला, चालतंय सर, अख्खा जिल्हा एक जूनचा आहे.

८ ऑगस्ट, रविवार. दुपार

अखेर विचारणा झाली. शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतो.

भाग्यश्रीचा फोन. लाइनवर खरखर. म्हणाली, भावोजी, एक मागू का? आई काळजी करतेय. म्हणते, सोबतीला मोठे पाव्हणेच पाहिजेत, दुसऱ्या कोणाचा मला भरवसा नाही. दहा दिवसांचा प्रश्न आहे, ९ ते १८ ऑक्टोबर. तुम्हाला रजा मिळेल का?

म्हटलं, रजा मिळेल म्हणजे काय, अर्ज लिहून तयार आहे.

ती म्हणाली, कंटाळा येईल तुम्हाला. म्हटलं, कंटाळा? मी याच दिवसाची वाट बघत होतो. त्यावर ती चक्क रडली. म्हणाली, भावोजी, तुमच्यासारखा माणूस नाही. ताईशी बोलते मी. म्हटलं, ताईचं मी बघतो.

साधनाला सांगितलं: सोबतीचं माझ्यावर आलंय, तुझी हरकत नाही ना? म्हणाली, हरकत कसली, माझ्या जिवाचा घोर गेला. मग जवळ येऊन माझ्या शर्टाचं बटण नीट केलं. बावीस वर्षांत प्रथमच.

मनात कोणाबद्दल काही नाही. भाग्यश्रीबद्दल तर नाहीच. हुशार मुलगी. माझीच विद्यार्थिनी.

१२ ऑगस्ट, गुरुवार

फारुखभाई टेलरकडे कोटाचं माप दिलं. जाड लोकर, आतून अस्तर. फारुखभाई म्हणाले, सर, इतना गरम? शादी मे महिन्यात असली तर पाव्हणा बेशुद्ध पडेल. म्हटलं, लिस्बन. म्हणाले, अच्छा, मनाली के आगे? त्यांचा दोष नाही. मला पुस्तिका पाठ आहे: ऑक्टोबरात अठरा ते बावीस अंश, हलकं जाकीट पुरेसं. पण ते गोऱ्या माणसांसाठी लिहिलेलं असतं.

घरी आलो तर पोलीस येऊन गेलेले. पासपोर्टची चौकशी. साधना घरी होती, तिची झाली. चहा-चिवडा घेतला. माझ्या कागदावर 'अर्जदार पत्त्यावर आढळला नाही' असा शेरा मारून गेले. या पत्त्यावर मी अठरा वर्षं आढळतोय. आज नेमका कोट.

२९ ऑगस्ट, रविवार

साधनाचा पासपोर्ट आला. माझा नाही. फोटो चांगला आलाय तिचा. सारखी उघडून बघते. मी एकदाच बघितला. दोनदा.

इथे खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो: जिला कुठे जायचं नाही तिला मिळाला, हे मला बघवलं नाही. ज्याला दात नाहीत त्याला चणे.

५ सप्टेंबर, रविवार

उच्चाराचा सराव. धन्यवाद म्हणजे ओब्रिगादो. आरशासमोर पन्नास वेळा म्हटलं. स्वयंपाकघरातून साधनाचा आवाज, ओब्रिगादा, ओब्रिगादा. चूक दुरुस्त केली. 'दो' म्हण, 'दा' नाही. ती म्हणाली, तुमच्याच पुस्तिकेत लिहिलंय, बाईने 'दा' म्हणायचं. बघितलं. लिहिलंय खरं. पण हिला काय करायचंय 'दा' शी? म्हणे कधी लागलं तर. बायका ना, कशाचंही ठेवणीतलं करतात.

११ सप्टेंबर, शनिवार. इगतपुरी

इलेक्शन ड्यूटी. पाऊस तिरपा. शाळेच्या खोलीत मतपेटीशेजारी बसून पुस्तिकेचं सतरावं पान पूर्ण केलं: 'सोबत जाणाऱ्याची कर्तव्ये'. सोबत जाणाऱ्याने मुख्य पाहुण्यापेक्षा पुढे पुढे करू नये. हे वाक्य मला स्वतःला फार आवडलं.

१९ सप्टेंबर, रविवार

साधना आणि भाग्यश्री मुंबईला गेल्या होत्या. साधना म्हणाली, कामही होतं आणि खरेदीही. बॅग आणली, चाकांची. मला न विचारता लाल घेतली. लाल बॅग घेऊन मी लिस्बनच्या विमानतळावर कसा दिसेन याचा विचार नाही. तरी चालवून घेतली. पट्ट्यावर लांबून ओळखू येते, पान नऊ.

संध्याकाळी भाग्यश्रीला फोन. विचारलं, व्हिसाचं काय? खरखरीत ती म्हणाली, झालं भावोजी, दोघांचंही झालं. की 'दोघींचंही' म्हणाली? दोघांचंच. दोघी कोण असणार? पासपोर्टशिवाय माझा व्हिसा झाला याचं जरा आश्चर्य वाटलं. परिषदवाल्यांची वट असणार.

साधनाला म्हटलं, माझा पासपोर्ट काही येईना. ती म्हणाली, येईल सावकाश, तुम्हाला आत्ता कुठे लागतोय? ही बाई पन्नाशीकडे चालली, तिला वाटतं देशाची सीमा म्हणजे सिन्नर फाटा.

२९ सप्टेंबर, बुधवार

रजा मंजूर. कारण: परदेश प्रवास. हेडमास्तर उठून उभे राहिले आणि हात मिळवला. ढोमसे सरांनी अभिनंदन केलं, पण तोंड एवढंसं. चार तास त्यांनी काठमांडूचं नाव काढलं नाही. हेवा वाईट. माणसाचं तोंड कसं होतं ते मी आज पाहिलं.

४ ऑक्टोबर, सोमवार

शाळेतर्फे सत्कार. शाल, श्रीफळ. फळ्यावर रंगीत खडूने: पगार सरांचे परदेश प्रयाण. विद्यार्थ्यांना 'लिस्बनमध्ये घ्यावयाची काळजी' यावर मार्गदर्शन केलं. पावाचं सांगितल्यावर मुलांनी फार टाळ्या वाजवल्या. फोटो वर्तमानपत्राला दिलाय. ढोमसे सरांनी आभार मानले आणि म्हणाले, सरांनी तिकडून आपल्यासाठी काहीतरी आणावं. आणणार. त्यांना मुद्दाम आणणार.

पासपोर्ट अजून नाही. एजंट म्हणतो, आठवड्यात. विमान शनिवारी आहे. पण मनात एक शांतता आहे. ज्याचं नशीब असतं त्याला कागद अडवत नाहीत.

५ ऑक्टोबर, मंगळवार

शाळेतून आलो. लाल बॅग पलंगावर उघडी. तिच्यात साधनाच्या साड्या.

विचारलं, माझे कपडे कशात? म्हणाली, तुमचे त्या जुन्या रेक्झिनच्या पिशवीत, निफाडला काय लागतंय तुम्हाला? दोन पायजमे ठेवलेत.

म्हटलं, निफाड?

ती म्हणाली, मग आईच्या सोबतीला बसायचं ते कुठे बसणार? अकरा तारखेला तिचं मोतिबिंदूचं ऑपरेशन. शिबिरातली तारीख बदलून मिळेना. मी नि भाग्यश्री तिकडे, ललित बागेत. आई हट्टच धरून बसली, थोरली कुठं गेली नाय कधी, तिला न्या, मला पाव्हणं आहेत. तुम्ही हो म्हणालात म्हणून तर हे सगळं जमलं. आणि मग म्हणाली, मला वाटलंच नव्हतं तुम्ही हो म्हणाल.

डोळ्यात पाणी होतं तिच्या. लग्नानंतर मी तिला त्र्यंबकला नेलं होतं. नंतर शिर्डीला. शिर्डीची तर शाळेची सहल होती.

मी काय बोललो? म्हटलं, तेच म्हणतोय मी. दोन पायजमे पुरे.

थोड्या वेळाने तिने विचारलं, मग काल शाळेत सत्कार कसला झाला? म्हटलं, तुझाच. तुझ्या वतीने स्वीकारला. तिने शालीवरून हात फिरवला आणि ती बॅगेत ठेवली. तिकडे गार असेल तर, म्हणाली.

मला जायचं होतं. एकदाच लिहितो, पुन्हा लिहिणार नाही. मला फार जायचं होतं.

६ ऑक्टोबर, बुधवार

फेरविचार. खरं म्हणजे मी हे सुरुवातीपासून ओळखून होतो. कुठेतरी आत. नाहीतर बायकोचा पासपोर्ट मी आपण होऊन कशाला काढला असता?

प्रश्न एकच, शाळा. तोडगा: दहा दिवस निफाडला घरात राहायचं, बाहेर पडायचं नाही. परत आल्यावर कोणी विचारलं तर फक्त खरं बोलायचं: नळाचं पाणी चांगलं आहे, फरसबंदी गुळगुळीत आहे. हे सगळं खरंच आहे.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

कोट आला. अप्रतिम बसलाय. उष्मा भयंकर.

साधनाकडे बघतो तर हेवा वाटतो. स्वतःच्या बायकोचा. ललितचा केला, भाग्यश्रीचा केला, आता फिरून घरात आला. ती भाजी निवडतानाही वेगळीच दिसते. प्रवासी दिसते.

९ ऑक्टोबर, शनिवार. निफाड

दोघी गेल्या. ललितच्या झेनमधून मुंबईला. मला जागा नव्हती, लाल बॅगेला होती. निघताना पुस्तिका साधनाच्या हातात दिली, म्हटलं, विमानात वाच. ती म्हणाली, वाचलीय, तुम्ही शाळेत गेलात की रोज वाचायची. पाठ आहे. तरी घेतली.

वर्तमानपत्रात फोटो आलाय. 'पगार सर लिस्बनला रवाना'. ललितच्या ओट्यावर बसून वाचला. शालीत मी बरा दिसतो. गडी केरू विचारत होता, सर, हे तुमीच ना? मंग रवाना कवा व्हनार? म्हटलं, टप्प्याटप्प्याने.

एक गोष्ट लक्षात आली आणि बरं वाटलं. तिच्या सगळ्या कागदांवर नाव काय आहे? साधना दिगंबर पगार. तीन शब्दांतले दोन माझे. हिशेबाने बघितलं तर परिषदेला तिच्यापेक्षा मीच जास्त गेलो आहे. ती माझं नाव गळ्यात घालून लिस्बनभर हिंडणार. बाईच्या नावात नवऱ्याचं नाव घालायची आपली पद्धत पूर्वजांनी विचार करूनच पाडली असणार.

११ ऑक्टोबर, सोमवार

ऑपरेशन झालं. शिबिराच्या हॉलमध्ये पंखे जोरात, सासूबाईंना हुडहुडी भरली. पांघरूण मिळेना. कोट आणला होता (सवय व्हावी म्हणून), तो अंगावर घातला. त्या चाचपून म्हणाल्या, पाव्हणं, ही गोधडी झ्याक हाय. म्हटलं, लिस्बनची आहे. तशी ती लिस्बनचीच म्हणायला हवी.

दर चार तासांनी डोळ्यात थेंब. मी घड्याळ साधनाच्या वेळेवर लावलं आहे, त्यामुळे दर वेळी साडेचार तास मिळवावे लागतात. एकदा चुकलं.

१३ ऑक्टोबर, बुधवार

थेंब संपले. बाहेर पडणं भाग. डोक्याला टॉवेल गुंडाळून मेडिकलमध्ये गेलो, तर समोर ढोमसे सर. हे मूळचे निफाडचे, हे मी विसरलो होतो. म्हणाले, पगार सर? लिस्बन?

मी म्हटलं, ट्रान्झिट.

ते माझ्या हातातल्या थेंबांच्या बाटलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, सासूबाई का? मी मान हलवली. ते म्हणाले, माझीही काठमांडूची तिकिटं साडूनेच काढली होती, त्याचं ऐन वेळी रद्द झालं म्हणून. एवढं बोलून त्यांनी काउंटरवर चहा मागवला. दोघांनी घेतला. शाळेत काही बोलणार नाहीत असं वाटतं. माणूस वाईट नाही.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी साडेचार, म्हणजे तिकडे बारा. साधनाचा फोन लिस्बनहून. आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. निफाड-नाशिक खरखर होते, लिस्बन-निफाड नाही.

भडाभडा बोलत होती. ट्राममध्ये बसली. बोटीत बसली. नदी समुद्राएवढी आहे. हॉटेलात चावी म्हटलं, चावी दिली. बटाटा म्हटलं, बटाटा आला. न मागता पाव ठेवला तर हिने भाग्यश्रीचा हात धरला, थांब, ह्यांनी लिहिलंय. शेजारच्या टेबलावरच्या बाईलाही खुणेने सांगितलं. सगळ्यांना विचारते म्हणे, तुमच्या पुस्तिकेत हे आहे का?

मी विचारलं, आणि आडनाव? आडनावाचं काय म्हणतात?

त्यावर हसायलाच लागली. म्हणाली, अहो, त्याचा इतका घोळ झाला. हॉटेलात उतरलो, त्याने नाव विचारलं, मी म्हटलं पगार, तर त्याने बिल काढलं. म्हटलं, नाही, पगार, पगार. तर तो म्हणतो, आत्ता नाही, जाताना द्या. जेवणाच्या ठिकाणी तेच. नाव सांगितलं की बिल. शेवटी परिषदेतल्या मुलीने मला नवा बिल्ला करून दिला, आडनाव काढून.

म्हटलं, आणि दिगंबर?

म्हणाली, ते आधीच नव्हतं हो, बिल्ला केवढासा. आता नुसतं साधना आहे. मोठ्या अक्षरांत. सगळे साधना, साधना म्हणून हाका मारतात. बरं वाटतं. फोटो काढलाय बिल्ल्यासकट, आल्यावर दाखवते. आईला थेंब घातलेत ना? मग ओब्रिगादा, म्हणाली, आणि लाइन बंद झाली.

सासूबाई पट्टी बांधून पडल्या होत्या, कोट पांघरून. विचारलं, थोरली का? कसं हाय म्हनली ते गाव?

तिने सांगितलेलं सांगायचं तर चार वाक्यं होती. मग पुस्तिकेतलं सांगत गेलो. गाव टेकड्यांवर आहे, चढ एवढे की ट्राम धापा टाकते. भिंतींना निळ्या फरश्या. नदी संध्याकाळी पिवळी दिसते. रस्ते गुळगुळीत, जपून चालावं लागतं. किल्ल्यावरून खाली बघितलं की लाल कौलं, आणि पलीकडे टेगस समुद्राला मिळते ती जागा. किती वेळ बोलत होतो कुणास ठाऊक. त्या हुं हुं करत होत्या.

शेवटी म्हणाल्या, पाव्हणं, जाऊन आल्यावानी सांगता तुमी.

म्हटलं, डोळा उघडा. थेंबांची वेळ झाली.